वाचकांचे प्रश्न : एक्सेल आणि खातेवही यांच्या मधलं सॉफ्टवेअर

या वेळच्या पत्रांचा विषय एकच निघाला. रोजचा हिशेब एक्सेलमध्ये, खातेवही टॅलीत, पैसे बँकेत आणि रिटर्न जीएसटीच्या पोर्टलवर. या चौघांची भाषा वेगळी आणि दुभाषा म्हणून बसलेला अकाउंटंट रात्री आठपर्यंत तेच आकडे पुन्हा टाइप करतोय. हे दुभाष्याचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला संगणकवाले ‘मिडलवेअर’ म्हणतात. आम्ही इथे त्याला ‘मधलं सॉफ्टवेअर’ म्हणू.

प्रश्न : केळीचा व्यापार आहे. रोज ४०-५० शेतकऱ्यांचं पेमेंट असतं. मुलगा एक्सेलमध्ये यादी करून बँकेच्या पोर्टलवर चढवतो. दर खेपेला चार-पाच पेमेंट परत येतात. बँकवाले म्हणतात फाइल चुकीची, मुलगा म्हणतो मी स्वतः तपासून पाठवली. वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं का?
— केळी व्यापारी, सावदा

उत्तर : दोघंही खरं बोलतायत. गोची ‘तपासून पाठवली’ इथेच आहे.

एक्सेलला खाते क्रमांक आणि घडांची संख्या यांतला फरक कळत नाही, दोन्ही त्याला आकडेच. आकडा म्हटला की पुढची शून्यं तो उडवतो. सहकारी बँकांचे बरेच खाते क्रमांक शून्यापासून सुरू होतात, ते असे तोकडे होतात. दुसरं, एक्सेल फक्त १५ अंकांपर्यंतच आकडा अचूक धरतो. खाते क्रमांक १६ अंकी असेल तर शेवटचा अंक मुकाट्याने शून्य होतो. पहिल्या चुकीत पेमेंट बहुधा परत येतं. दुसरी जास्त घातक, कारण शेवटी शून्य असलेलं खातं खरोखरच दुसऱ्या कोणाचं असू शकतं. एनईएफटीत पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर. नाव जुळलं नाही म्हणून व्यवहार अडेल, या भरवशावर राहू नका.

आता मुलाने काय केलं असेल ते पाहा. त्याने खाते क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ केला, शून्यं टिकली, फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेला नुसता मजकूर) म्हणून सेव्ह केली. इथपर्यंत बरोबर. मग एकदा बघून घेऊ म्हणून तीच सीएसव्ही डबल क्लिक करून उघडली आणि बंद करताना ‘सेव्ह करायचं का?’ला ‘हो’ म्हटलं. सीएसव्हीत रकान्याचा प्रकार साठवला जात नाही. उघडताच एक्सेलने पुन्हा आकडे करून शून्यं उडवली आणि सेव्ह करताच ती कायमची गेली. म्हणजे तपासण्यामुळेच फाइल बिघडली. सीएसव्ही पाहायचीच असेल तर नोटपॅडमध्ये पाहा, किंवा एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने आणा आणि तो रकाना टेक्स्ट ठेवा. गेलेला अंक रकान्याचा प्रकार नंतर बदलून परत येत नाही. पासबुकावरून पुन्हा टाइप करावा लागतो.

आयएफएससी कोडचीही एक खूण लक्षात ठेवा. एकूण ११ अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य, उरलेली सहा शाखेची. पाचव्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाइप होणं ही रोजची चूक. लांबी ११ आहे का आणि पाचवं अक्षर शून्य आहे का, एवढी दोन सूत्रं शेजारच्या रकान्यात घातली तरी बऱ्याच चुका घरातच पकडल्या जातील. विलीन झालेल्या बँकांचे जुने कोड यादीत राहिले असतील तर तेही बदला.

५० पेमेंटसाठी लगेच सॉफ्टवेअर घेऊ नका. आधी एका शीटवर शेतकऱ्यांची कायम यादी करा: शेतकरी कोड, नाव, खाते क्रमांक, आयएफएससी आणि कोणत्या तारखेला पासबुक पाहून खात्री केली ते. रोजच्या शीटवर फक्त कोड आणि रक्कम टाका. बाकी सगळं एक्सेलच्या ‘लुकअप’ सूत्राने कायम यादीतून येऊ द्या. खाते क्रमांक रोज टाइप होताच कामा नये. नवीन शेतकरी आला की आधी १ रुपया पाठवून फोनवर विचारा. आरटीजीएस-एनईएफटीला खातेदाराचं नाव आधी पाहण्याची सोय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ पासून करायला लावली आहे, तुमच्या नेटबँकिंगमध्ये असेल तर वापरा. आणि यादी मुलाने चढवली तर मंजुरी तुम्ही द्या. मंजुरीआधी दोनच गोष्टी कागदाशी ताडा: किती पेमेंट आणि एकूण किती रुपये.

मधल्या सॉफ्टवेअरची खरी गरज लागते परतीच्या वाटेवर. संध्याकाळी बँकेकडून निकालाची फाइल येते. कोणतं गेलं, कोणतं परत आलं, कोणाचा यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक) काय. ती वाचून प्रत्येक पेमेंट शेतकऱ्याच्या खात्याला लावणं आणि परत आलेलं पुन्हा ‘देणे’त दाखवणं, हे काम हाताने करताना रोज तासभर जात असेल तर विकत घ्यायला हरकत नाही.

प्रश्न : दालमिलचा हिशेब माझ्याकडे आहे. खरेदी-विक्रीचं रजिस्टर एक्सेलमध्ये असतं, ते टॅलीत टाकायला एक छोटं सॉफ्टवेअर घेतलं. मे-जून बरा गेला. जुलैची काही बिलं जानेवारी-फेब्रुवारीत जाऊन बसली, काही दोनदा चढली, काही चढलीच नाहीत. दोष कोणाचा?
— अकाउंटंट, जळगाव एमआयडीसी

उत्तर : तीन वेगळे आजार आहेत, एकेक घेऊ.

तारखा. तुमच्या एखाद्या संगणकाचं विंडोजमधलं ‘रीजन’ अमेरिकेचं राहिलंय. बहुधा जूनअखेरीस नवा आलेला किंवा फॉरमॅट केलेला. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ०१/०७ म्हणजे १ जुलै, पण त्या संगणकाने ती ७ जानेवारी वाचली. २ जुलै झाली ७ फेब्रुवारी, ३ जुलै ७ मार्च. ही तिन्ही आदल्या आर्थिक वर्षात गेली. ४ जुलै ७ एप्रिलला गेली असेल, तीही शोधा. १ ते १२ तारखांपैकी फक्त ७ जुलै बचावते, कारण ती उलटली तरी तीच राहते. १३ पासून पुढच्या तारखा उलटू शकत नाहीत, कारण तेरावा महिना नाही. त्या ‘टेक्स्ट’ म्हणून पडून राहतात आणि मधलं सॉफ्टवेअर त्या ओळी टाकून देतं. तुमची ‘न चढलेली’ बरीच बिलं तीच असणार. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे रकान्याचं अलाइनमेंट काढून टाका. खऱ्या तारखा उजवीकडे सरकतात, टेक्स्ट झालेल्या डावीकडे राहतात. एकाच रकान्यात दोन्ही दिसल्या तर पुढे जाऊ नका. मधल्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर तारखेच्या जागी ४५७४८ सारखा आकडा दिसला तर घाबरू नका. ती १ एप्रिल २०२५ आहे. एक्सेल तारीख आतून दिवसांच्या मोजणीनेच ठेवतो.

दुबार बिलं. पाठवताना मधेच लाइट गेली किंवा टॅली बंद पडली की माणूस पुन्हा बटण दाबतो. पहिल्या खेपेला ८० पैकी ५० चढलेली असतात, दुसऱ्या खेपेला ८० च्या ८० जातात. चांगलं मधलं सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीला कायमचा ओळख क्रमांक देतं आणि टॅलीच्या व्हाउचरलाही तोच ‘रिमोट आयडी’ म्हणून लावतं. मग तीच ओळ पुन्हा गेली तर नवं व्हाउचर न होता जुनंच बदलतं. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारा की हा क्रमांक तो कशावरून बनवतो. ‘ओळ नंबर ३७’ असं उत्तर आलं तर सॉफ्टवेअर बदला. कोणी मधे एक ओळ घातली की सगळे क्रमांक एकने सरकणार. पार्टी, बिल नंबर आणि आर्थिक वर्ष यांच्यावरून बनलेला क्रमांकच टिकतो.

न चढलेली बाकी बिलं. टॅली बाहेरून येणारा निरोप एक्सएमएल नावाच्या ठरावीक साच्यात घेते. त्यात ‘&’ हे चिन्ह तसंच्या तसं चालत नाही, त्याचं रूपांतर करावं लागतं. ज्या पार्टीच्या नावात ते आहे तिचीच बिलं अडकतायत का ते पाहा. मग नावातल्या जागा. वेबसाइटवरून किंवा पीडीएफमधून कॉपी केलेल्या नावात कधी कधी वेगळ्या जातीची मोकळी जागा येते, जिचा संकेतांक १६० आहे. दिसायला ती साधीच, पण ‘ट्रिम’ फंक्शन ती काढत नाही, ते फक्त ३२ संकेतांकाची जागा ओळखतं. आधी ‘सब्स्टिट्यूट’ फंक्शनने १६० च्या जागी साधी स्पेस घाला, मग ट्रिम करा.

नाव जुळलं नाही तर टॅली ‘असं लेजर (खातं) नाही’ म्हणून ओळ परत करते. हे चांगलंच आहे. काही सॉफ्टवेअरमध्ये ‘लेजर नसेल तर आपोआप तयार करा’ अशी खूण असते, ती बंदच ठेवा. नाहीतर ‘ट्रेडिंग कं.’ आणि ‘ट्रेडिंग कंपनी’ अशी एकाच माणसाची दोन खाती होतात आणि मार्चमध्ये उधारीचा ताळा लागता लागत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण दालमिल आहे म्हणून सांगतो. डाळीचा एचएसएन, म्हणजे जीएसटीतला मालाचा कोड, ०७१३ आहे. एक्सेल तो ७१३ करतो. सावद्याच्या केळीवाल्यांचा ०८०३ आणि नंदुरबारच्या मिरचीवाल्यांचा ०९०४ यांचंही तेच. खानदेशातला निम्मा माल शून्याने सुरू होतो म्हणायचा! जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) च्या टेबल १२ मध्ये एचएसएन आता यादीतूनच घ्यावा लागतो, त्यामुळे ७१३ तिथे अडतोच. पण तोवर तो टॅलीत शंभर बिलांवर बसलेला असतो.

जुलै दुरुस्त करताना आधी टॅलीचा बॅकअप घ्या. मग चढलेली सगळी व्हाउचर डेबुकमधून (टॅलीतली रोजकीर्द) एक्सेलमध्ये काढा आणि बिल नंबरवर मूळ रजिस्टरशी लावा. पुसून पुन्हा चढवण्याच्या फंदात पडू नका. त्या बिलांना पावत्या लागलेल्या असतील तर त्या लोंबकळत राहतील.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर आलेल्या एक्सेल फाइलमधला मॅक्रो (आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम) चालत नाही, लाल पट्टी येते. कालपर्यंत चालत होता.
— मेडिकल स्टोअर, पाचोरा

उत्तर : इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मूळातच अडवायला सुरुवात केली. फाइल बंद करून तिच्यावर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, खाली ‘अनब्लॉक’वर खूण, ओके. पण फाइल कोणी पाठवली हे फोनवर विचारल्याशिवाय ही खूण करू नका. हिशेबाच्या संगणकावर नेटबँकिंगही असतं.

प्रश्न : माझ्याकडे ९० पार्ट्यांचं जीएसटीचं काम आहे. २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) आणि खरेदी रजिस्टर जुळवणारं शीट मी स्वतः बनवलं, पण निम्मी बिलं ‘न जुळलेली’ दाखवतं आणि डोळ्यांनी पाहिलं तर ती जुळलेली असतात. काय चुकतंय?
— कर सल्लागार, धुळे

उत्तर : तुम्ही बिल नंबर जसाच्या तसा जुळवताय. २बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते आणि ३बी (कर भरायचं रिटर्न) मासिक भरणाऱ्यांना २० पर्यंत द्यायची असते. हातात सहा दिवस. त्यात ९० पार्ट्या म्हणजे जुळणी एका दमात न करता पायऱ्यांनी करायला हवी.

पहिली पायरी : बिल नंबरची शेजारच्या रकान्यात साफ प्रत करा. सगळी अक्षरं कॅपिटल, तिरकी रेघ, आडवी रेघ आणि जागा काढलेल्या, पुढची शून्यं उडवलेली. मूळ नंबरला हात लावू नका. पार्टीचा जीएसटी नंबर, साफ बिल नंबर आणि करपात्र रक्कम तिन्ही जुळलं तर ‘पक्कं’. नुसत्या साफ नंबरवर विश्वास नको. रेघा काढल्या की ‘२५-२६/१२’ आणि ‘२५/२६१२’ एकच दिसतात, म्हणून रकमेची जोड हवीच.

दुसरी : नंबर जुळला, रक्कम थोडी हलली. बिलामागे १ रुपयापर्यंत फरक पूर्णांकाचा समजा. त्यापुढचा फरक हाताने पाहा. फरक नेमका कराच्या रकमेइतका असेल तर कोणीतरी करासह रक्कम करपात्रच्या रकान्यात टाकली आहे.

तिसरी पायरी आपल्या भागात फार कामाला येते. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिली दोन राज्याची, पुढची दहा पॅनची. सुरतचा (२४) किंवा बऱ्हाणपूरचा (२३) पुरवठादार महाराष्ट्रातही (२७) नोंदणी ठेवून असतो आणि तुमचा माणूस रजिस्टरमध्ये भलताच नंबर टाकतो. उरलेली बिलं तिसऱ्या ते बाराव्या अक्षरावर, म्हणजे पॅनवर जुळवा. इथे जुळलेलं बिल ‘पक्कं’ न मानता ‘राज्य तपासा’ असा शेरा द्या, कारण आयजीएसटी (परराज्यातला व्यवहार) की सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातला) हे त्यावरच ठरतं.

याउपर उरेल ते खरोखर न जुळलेलं. आमच्या पाहण्यात त्यातही एक चोर असतो. बिल नंबर ‘३-१२’ असेल तर एक्सेल त्याची ३ डिसेंबर करतो. खरेदी रजिस्टरचा बिल नंबराचा रकाना आधीच टेक्स्ट केला नसेल तर पहिल्या पायरीत कितीही साफसफाई करा, जुळायचं नाही.

२बीत न आलेल्या बिलाचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) घेता येत नाही, त्यामुळे यादी पुरवठादाराला १४ च्या आसपास नव्हे, तर त्याची जीएसटीआर-१ ची ११ तारीख उलटण्याआधी जायला हवी. म्हणजे रजिस्टर महिनाअखेरीलाच तयार हवं. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर पुरवठादाराचं बिल स्वीकारायची-नाकारायची सोय, इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम, आहे. तिथे काहीच केलं नाही तर बिल स्वीकारलं असं धरलं जातं. तुमच्या शीटचा शेरा तिथल्या कृतीशी जोडलेला असेल तरच त्याला अर्थ.

प्रश्न : पतसंस्थेची जुनी सभासद यादी एक्सेलमध्ये आहे, पण नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेली की नावांच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं येतात.
— लिपिक, चोपडा

उत्तर : यादी जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे, युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत येण्याआधीच्या. त्यात आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, पण फक्त नाव-पत्त्याचे रकाने. संपूर्ण शीट कन्व्हर्टरमध्ये घातली की पॅन आणि आयएफएससीचं मराठीकरण होतं! रफार, जोडाक्षरं आणि ‘ऱ्या’ हे हमखास बिघडतात. ‘चौधरी’ नीट येईल, ‘सूर्यवंशी’ आणि ‘बोऱ्हाडे’ आधी तपासा. युनिकोड झाल्यावर नावं नीट दिसतात पण सीएसव्ही केली की पुन्हा चिन्हं येतात, असं झालं तर सेव्ह करताना साध्या सीएसव्हीऐवजी ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा.

प्रश्न : एमसीए झालं. मी आणि मित्र मिळून एक्सेलमधून टॅलीत आणि बँकेत माहिती नेणारं सॉफ्टवेअर बनवतोय. पुण्याला न जाता जळगावात बसून हा धंदा चालेल का? बाजार किती आहे?
— जळगाव

उत्तर : ‘बाजार किती’ याचं कोटींतलं उत्तर देणारे पुष्कळ भेटतील. त्यातलं एकही तुमच्या उपयोगाचं नाही. एका गिऱ्हाइकापासून मोजा.

धरा, एका मिलमध्ये रोज ६० व्हाउचर हाताने चढतात, प्रत्येकी दीड मिनिट. रोजचे ९० मिनिटं, २५ दिवसांचे साडेसदतीस तास. अकाउंटंटचा पगार १८,००० आणि महिन्याचे २०० तास धरले तर तास ९० रुपयांना पडतो. म्हणजे तुम्ही महिन्याला सुमारे ३,३७५ रुपयांचं काम वाचवता. मालक त्यातला तिसरा हिस्सा देईल, महिना १,००० च्या आसपास, वर्षाचे १२,०००. रोज दहाच व्हाउचर असणाऱ्याकडे जाऊ नका, त्याला गरजच नाही. हेच गणित तुमच्या पहिल्या पाच गिऱ्हाइकांच्या खऱ्या आकड्यांनी करा.

आता उलट बाजू. ४० गिऱ्हाइकं म्हणजे वर्षाला ४,८०,०००. प्रत्येकाचे महिन्याला दोन फोन, एकेक २५ मिनिटांचा, की झाले ३३ तास. आणि ते फोन महिनाभर विखुरलेले नसतात. १०-११ तारखेला आणि १८ ते २० ला एकदम येतात. दोघांत ४० गिऱ्हाइकं सांभाळता येतील, १५० नाहीत, जोवर सॉफ्टवेअर स्वतःच चूक नीट सांगत नाही. ‘एरर : आयात अयशस्वी’ असा निरोप म्हणजे तुम्हाला एक फोन. ‘ओळ ३७ : तारीख १४/०७/२०२५ टेक्स्ट आहे, शीटमध्ये दुरुस्त करा’ असा निरोप असेल तर तो फोन येत नाही. तुमचा नफा या वाक्यांत आहे, प्रोग्रामच्या वेगात नाही.

स्पर्धा कमी समजू नका. टॅलीप्राइममध्ये ४.० आवृत्तीपासून एक्सेलमधून आयात स्वतःचीच आहे, आणि साधी एक्सेल ते टॅली साधनं स्वस्तात मिळतात. जीएसटीचं ऑफलाइन टूल आणि ई-वे बिलाची एक्सेल टूल्स सरकारच फुकट देतं. तेव्हा ‘एक्सेल टॅलीत नेतो’ एवढंच विकायला निघालात तर दुकान उघडायच्या आधीच बंद. उरते ती जागा इथल्या मालाची. केळी व्यापाऱ्याच्या पट्टीत वजन, भाव, हमाली, कापणी आणि आधी दिलेली उचल असते. दालमिलमध्ये भाड्याने दळायला आलेला माल आणि स्वतःचा माल वेगळा. जिनिंगमध्ये कापूस आत येतो, रुई आणि सरकी बाहेर जाते. सराफाकडे वजन तीन दशांशांपर्यंत आणि कर ३ टक्के. ही शीटं कोणत्याही तयार साच्यात बसत नाहीत. एक धंदा निवडा, त्यातल्या पाच जणांची शीटं मागून घ्या आणि त्यांना एकही रकाना बदलायला न लावता काम करून दाखवा. मुनीम आपलं शीट सोडत नसतो. ज्याने त्याला सोडायला लावलं त्याचं सॉफ्टवेअर तीन महिन्यांत धूळ खातं.

विकायला मालकाकडे नव्हे, सीए आणि कर सल्लागाराकडे जा. त्याच्याकडे ९० पार्ट्या असतात आणि वरच्या धुळ्याच्या पत्रासारखी डोकेदुखी. विकास सोसायट्यांच्या मागे मात्र लागू नका. केंद्राने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली आहे आणि तिथे एकच सामाईक सॉफ्टवेअर येतंय.

तांत्रिक बाजूच्या चार गोष्टी, ज्या पहिल्या वर्षी सगळे शिकतात. रकमा पैशांत, पूर्णांक म्हणून धरा. दशांशात बेरीज केली की कुठेतरी एक पैसा लटकतो आणि टॅली व्हाउचर नाकारते. टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावे रक्कम उणे चिन्हाने जाते आणि जमा अधिक, व्हाउचरची बेरीज शून्य आली पाहिजे. पाठवण्याआधी ती तुम्हीच तपासा. टॅलीशी बोलायचं दार सहसा ९००० पोर्टवर असतं, ‘एफ१, सेटिंग्ज, कनेक्टिव्हिटी’त ते चालू करतात. ते ऑफिसातल्या संगणकांपुरतंच ठेवा, गिऱ्हाइकाच्या राउटरवरून इंटरनेटला उघडू नका. आणि जीएसटीच्या यंत्रणेशी थेट जोडणी तुम्हाला मिळणार नाही, ती जीएसटी सुविधा प्रोव्हायडर म्हणून मान्यता असलेल्या मधल्या कंपनीमार्फत घ्यावी लागते. त्याचा दर आधी विचारा, तो तुमच्या १२,००० मधून जाणार आहे.

बँकेचंही तसंच. खातेदाराच्या संमतीने बँकेतली माहिती देणारी अकाउंट अॅग्रिगेटर ही सोय २०२१ पासून चालू आहे, पण तिथून माहिती घेता येते ती नियामकाखाली असलेल्या संस्थांनाच. तुम्ही गिऱ्हाइकाने स्वतः डाउनलोड केलेलं स्टेटमेंट वाचा. नेटबँकिंगचा पासवर्ड मागणारं सॉफ्टवेअर बनवू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. एका गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेले की गावात तुमच्याकडेच बोट दाखवतील, चूक कोणाचीही असो.

कंपनी असलेल्या गिऱ्हाइकांना १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद ठेवणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. टॅलीत ती नोंद होते, पण टॅलीत जाण्याआधी शीटमध्ये कोणी काय बदललं ते तिथे दिसत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरने आलेली प्रत्येक फाइल जशीच्या तशी, तारीख-वेळ आणि पाठवणाऱ्याच्या नावासह ठेवली तर ऑडिटरच तुमची शिफारस करील. आमच्या मते विकण्यासारखी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि ती बनवायला दोन दिवसही लागत नाहीत.

प्रश्न : मिरचीचं दुकान आहे. असं सॉफ्टवेअर विकणारा येऊन डेमो देऊन गेला, छान वाटलं. पण डेमो सगळ्यांचेच छान असतात. घेण्याआधी काय तपासू?
— दोंडाईचा

उत्तर : त्याची फाइल नको, तुमची द्या, आणि मुद्दाम बिघडवून द्या. चांगल्या ओळी किती पटकन जातात हे पाहण्यात अर्थ नाही. वाईट ओळ अडते का, हेच पाहायचं. मागच्या महिन्यातली २० बिलं घ्या आणि त्यात एवढं करा :

एका तारखेत दिवस-महिना उलटा टाका, दुसरी तारीख टेक्स्ट करा. एक बिल दोनदा लिहा. एका पार्टीच्या नावामागे एक जास्तीची स्पेस द्या. एका रकमेत ‘१,२५,००० जमा’ असं शब्दासह लिहा. एका मिरचीच्या ओळीत ०९०४ च्या जागी ९०४. सुरतच्या पार्टीला सीजीएसटी-एसजीएसटी लावा. मधे एक कोरी ओळ सोडा, कारण काही सॉफ्टवेअर कोरी ओळ दिसली की फाइल संपली असं समजून थांबतं आणि खालची बिलं गेलीच नाहीत हे सांगतही नाही. आणि फाइल जुन्या ‘एक्सएलएस’ प्रकारात सेव्ह करून देऊन पाहा. जुन्या प्रकारात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते, नव्यात १०,४८,५७६ आहेत. तुमच्या दुकानाला इतक्या लागणार नाहीत म्हणा, पण इंग्लंडच्या आरोग्य खात्याचे सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये सुमारे १६,००० कोरोना रुग्ण याच मर्यादेमुळे यादीतून गळले होते.

मग चढवायला लावा आणि मधेच टॅली बंद करा. पुन्हा चालू करून तीच फाइल परत पाठवायला सांगा. शेवटी तीन आकडे मागा: फाइलमध्ये किती ओळी होत्या, किती चढल्या, किती अडल्या. चढलेल्या आणि अडलेल्या मिळून फाइलमधल्या ओळींइतक्या भरल्या, अडलेल्या प्रत्येक ओळीपुढे मराठीत किंवा सोप्या इंग्रजीत कारण लिहून आलं आणि टॅलीतलं दुबार बिल एकच राहिलं, तर भावाची घासाघीस करायला बसा. विक्रेता ‘तुमची फाइलच चुकीची आहे’ म्हणाला, तर चहा पाजून रवाना करा.